विकिपीडियाचा उघडा कारभार
विकिपीडियावर प्रचालकाला (ॲडमिनला) पान वगळण्याचा आणि सदस्याला संपादनापासून रोखण्याचा अधिकार असतो. पण तो वापरला की त्याची नोंद होते. कोणी, कोणाला, केव्हा, किती मुदतीसाठी आणि कोणत्या कारणाने रोखले, हे सहसा खाते नसलेल्या वाचकालाही पाहता येते. वगळलेल्या पानाचा मजकूर मात्र सर्वसामान्य वाचकाला उघडत नाही. बदनामीकारक किंवा खासगी माहिती असेल तर ते योग्यच. रोखलेला सदस्य सहसा आपल्या चर्चा पानावर फेरविचाराची विनंती करू शकतो. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कारभाराच्या अशा विषयांची सामायिक चर्चा ‘चावडी’वर चालते. मात्र रोखण्याच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात नुसता ‘उत्पात’ एवढाच शब्द लिहिला, तर नोंद उघडी असूनही तिचा उपयोग थोडाच.