मल्लांच्या कीर्तिमंदिरातील पहिले आसन

गेल्या पावसाळ्यात आमच्या बीडच्या घरी एक लहानसा वाद उपस्थित झाला. वादाचे कारण आमचा पुतण्या. कॉलेजात जाणारा, अंगाने किरकोळ, परंतु दूरचित्रवाणीवरील अमेरिकन कुस्त्यांचा मोठा भोक्ता! त्या कुस्त्यांत हार-जीत आधीच ठरलेली असते, हे त्यास ठाऊक आहे. तरीही तो त्या पाहतो. तिकडच्या एका कंपनीने निवृत्त मल्लांसाठी एक कीर्तिमंदिर योजिले असून 2021 साली आपल्या हिमाचलातील दलीपसिंह राणा ऊर्फ ‘खली’ ह्यांचे नाव त्यात घातले, ही वार्ता सांगून झाल्यावर त्याने कागद पुढे ओढला आणि मला म्हणाला, “काका, आपल्याकडे असे मंदिर बांधायचे ठरले, तर पहिल्या आसनावर कोणास बसवाल? एकच नाव सांगायचे.”

प्रश्न पोरकट खरा. परंतु माझी रात्रीची झोप त्याने उडविली.

आमच्यासारख्या पांढरपेशा घरांतून कुस्तीविषयी एक चमत्कारिक भावना वसत असते. मुलाने सूर्यनमस्कार घालावे, दूध प्यावे, शरीर कमवावे, इथवर सारे ठीक. परंतु तो तालमीत जाऊन लाल मातीत लोळू लागला की वडीलमंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. पहिलवान म्हणजे बुद्धीने बेताचा, हे आम्ही मनाशी धरून बसलो आहो. त्यामुळे ज्या विद्येने ह्या प्रांतास जगात नाव दिले, तिचा इतिहास आमच्या मुलांस ठाऊक नाही. शाहू महाराज 1902 साली युरोपात गेले, रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आले आणि कोल्हापुरास खासबागेचे मैदान 1912 साली सिद्ध झाले, हे तरी किती सुशिक्षितांस सांगता येईल?

असो. नावांचा विचार करू लागलो, तेव्हा पुढे आले ते सारे धिप्पाड पुरुष. श्रीपती खंचनाळे हे 1959 सालचे पहिले हिंदकेसरी. गणपतराव आंदळकर हे 1960 चे हिंदकेसरी. 1962 साली जाकार्त्याच्या आशियाई सामन्यांत त्यांनी एक सुवर्ण आणि एक रौप्य अशी दोन पदके आणिली आणि 1964 च्या टोकियो ऑलिंपिकातही ते लढले. कवठेपिरानचे मारुती माने ह्यांनीही जाकार्त्यास सुवर्ण व रौप्य मिळवून 1964 साली हिंदकेसरीची गदा खांद्यावर घेतली. ह्या तिघांपैकी कोणाचेही नाव घेतले, तरी कोल्हापूर-सांगलीकडचा रसिक आनंदाने मान डोलवील.

मी मात्र मराठवाड्याचा. मला प्रथम आठवण झाली ती लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांची. ते 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले. 1970 साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनी सुवर्णपदक जिंकिले, आणि 1977 साली बंगळुरास त्यांनी दिल्लीच्या सतपालवर मिळविलेल्या विजयाचे वर्णन करताना जुन्या माणसांचा आवाज अजूनही चढतो. परंतु त्यांची खरी थोरवी मला वाटते ती लंगोट उतरविल्यानंतरची. पुण्यास गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मुलांस घडविले. काका पवार त्यांचेच शिष्य, आणि आमच्या बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हाही त्यांच्याच हाताखालचा. 2011 साली बिराजदार निवर्तले. त्यांच्या ह्या पाटोद्याच्या शिष्याने पुढे जे केले, ते पाहण्यास ते राहिले नाहीत.

माझा कौल बिराजदारांकडे झुकला होता, हे लपवीत नाही. प्रांताभिमान हा मनुष्यास सहजासहजी सोडीत नाही. परंतु राहुल आवारेविषयी विचार करता करता एक आकडा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि सारा हिशेब फिरला. तो आकडा म्हणजे 57.

राहुलचे वडील स्वतः कुस्तीगीर. पाटोदा म्हणजे बालाघाटच्या माथ्यावरचा कोरडवाहू मुलूख. दसरा-दिवाळी झाली की येथील हजारो कुटुंबे कोयते घेऊन पश्चिमेच्या साखर कारखान्यांची वाट धरतात. तीच वाट धरून हा मुलगा पुण्यास गेला, फरक इतकाच की हाती कोयता नव्हता. 2018 साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल सामन्यांत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीस 15-7 असे जिंकून सुवर्णपदक मिळविले. 2019 साली कझाकस्तानात नूर-सुलतान येथे जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांत अमेरिकेच्या टायलर ग्राफला 11-4 असे हरवून त्याने कांस्यपदकही आणिले. हे दुसरे पदक 61 किलोंच्या गटातील, जो गट ऑलिंपिकात नाही. पहिले मात्र 57 किलोंचे.

सत्तावन्न किलो! आमच्या लोकांच्या कल्पनेतील पहिलवान असा नसतो. जत्रेच्या फडात शेवटची, मोठ्या इनामाची जोड लागते ती दोन पर्वतांची. हलक्या पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर व नारळांवर दुपारीच उरकलेल्या असतात. केसरीची गदादेखील अवजड गटातल्याच मल्लाच्या खांद्यावर जावयाची, असा शिरस्ता. हलक्या अंगाचा मल्ल कितीही चपळ असो, कितीही डावपेची असो, आमच्या मातीने त्याच्यासाठी उंच आसन मांडलेच नाही. ते मांडिले परदेशातल्या काट्याने. समान वजनाचे दोघे समोरासमोर उभे करावयाचे आणि मग जगात श्रेष्ठ कोण ते पाहावयाचे, ही कसोटी लावली म्हणजे धिप्पाडपणाचे कवच गळून पडते आणि उरते ती निव्वळ विद्या.

ही कसोटी लावून पाहता 57 किलोंचा आणखी एक मनुष्य आठवल्यावाचून राहत नाही. तो म्हणजे कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वरचा खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा. वडील कुस्तीगीर, मुलाचे शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकास गेले. गादीवर लढण्याची फारशी सवय नव्हती, नियम पुरते ठाऊक नव्हते. तरी फ्लायवेट गटात सहावे आले. दुसरा कोणी ‘सहावा क्रमांकही काही कमी नाही’ म्हणून घरी बसला असता. खाशाबांनी पुढील चार वर्षे गादीवरचा अभ्यास केला आणि एक गट वर चढून हेलसिंकीची तयारी केली.

येथे माझ्या वाचकांस, विशेषतः ज्यांस पहिलवानी हे आपल्या घराण्याचे क्षेत्र नव्हे असे वाटते त्यांस, एका विद्वान गृहस्थाचे नाव सांगितले पाहिजे. हेलसिंकीस जावयाचे तर पैसा हवा. गावाने वर्गणी जमविली, तरी ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. त्या काळी 7,000 रुपये म्हणजे मध्यम स्थितीतल्या माणसाची आयुष्यभराची शिल्लक! विद्यार्थी परीक्षेत पहिला यावा म्हणून झटणारे गुरुजन पुष्कळ. शिष्य परक्या देशात कुस्ती खेळावा म्हणून स्वतःच्या डोक्यावरचे छप्पर सावकारीत ठेवणारा प्राचार्य दुसरा माझ्या पाहण्यात नाही. त्यांची पत्नी त्या दिवशी काय म्हणाली असेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

हेलसिंकीस खाशाबा बँटमवेट म्हणजे 57 किलोंच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस त्यांनी हरविले. पुढे जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दीर्घकाळ झुंज होऊन ते हरले, आणि दम घेण्यास अवधी न देता त्यांस रशियाच्या रशीद मामदबेकोव्हपुढे उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांतीचा नियम होता. परंतु त्या क्षणी त्यांची बाजू मांडण्यास हिंदी संघाचा एकही अधिकारी जवळ नव्हता, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. थकलेला मनुष्य हरला. तरीही 23 जुलै 1952 रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताच्या मनुष्याने एकट्याने मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. तसे दुसरे यावयास 1996 साल उजाडले, तेही टेनिसमध्ये, लिअँडर पेस ह्यांच्या रूपाने; कुस्तीत तर 2008 पर्यंत थांबावे लागले. आणि महाराष्ट्राच्या मातीतल्या दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसात बंदूक रोखीपर्यंत, तब्बल 72 वर्षे!

1952 साली आमचे बीड अद्यापि हैदराबाद राज्यात होते. गोळेश्वरची वार्ता येथे किती पोहोचली असेल कोण जाणे. तिकडे कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले? कोल्हापुरास कुस्त्या ठेविल्या, लढले, जिंकिले, आणि आलेला पैसा प्राचार्यांचे घर सोडविण्यासाठी दिला. मला विचाराल, तर हेलसिंकीच्या पदकाइतकीच ही कुस्तीही मी त्यांच्या खाती जमा धरीन.

ह्यापुढचा भाग लिहिताना लेखणी जड होते. 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. तेथे सुमारे 27 वर्षे काढली. सहायक पोलीस आयुक्ताचे पद हाती आले ते सेवेच्या अगदी अखेरीस. पद्म पुरस्कार 1954 साली सुरू झाले, अर्जुन पुरस्कार 1961 साली. म्हणजे खाशाबा हयात असताना पहिला पुरस्कार देण्यास सरकारला 30 वर्षे मिळाली, दुसरा देण्यास 23. ह्या साऱ्या काळात कोणास आठवण झाली नाही. 1982 च्या दिल्लीच्या आशियाई सामन्यांत मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांस घेतले, इतकाच काय तो मान. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. त्यानंतर ‘अर्जुन’ आला तो 2000 सालचा, मरणोत्तर. 2010 साली दिल्लीच्या एका कुस्ती-आखाड्यास त्यांचे नाव दिले गेले. पद्म मात्र नाही, कारण ते सहसा मरणोत्तर देत नाहीत असा दंडक आहे. आधी मनुष्य मरेपर्यंत विसरावयाचे आणि मग तो मेला म्हणून नाही म्हणावयाचे, हा न्याय मोठा सोयीचा खरा! 2017 साली तर गोळेश्वरास नियोजिलेल्या कुस्ती केंद्राचे काम होईना, म्हणून ते पदकच लिलावात काढण्याची भाषा त्यांच्या कुटुंबियांस करावी लागली.

ह्याच्या शेजारी पाटोद्याच्या मुलाची गोष्ट ठेवून पाहावी. तेच वजन, तेच पोलीस खाते. राहुल आवारेस 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी तो पोलीस उपअधीक्षक झाला. ज्या दर्जाच्या पायरीवर खाशाबा सेवेच्या शेवटी कसेबसे पोहोचले, तेथून ह्याचा आरंभ झाला. ह्यात राहुलचे भाग्य आहे, त्याचा पराक्रमही आहे. परंतु सरकारला ही समज येण्याची किंमत कोणी तरी आधी भरली होती, हे मी पाटोद्याचा अभिमानी असूनही नाकारू शकत नाही.

कोणी आक्षेप घेईल की, खाशाबा हरले होते दोघांशी. कांस्य म्हणजे तिसरे स्थान. मग अपराजित गामाचे काय? गामाने 1910 साली लंडनात आणि 1928 साली पतियाळ्यास झ्बिश्कोशी जो सामना दिला, त्याची सर कोणास नाही, हे मला मान्य आहे. परंतु गामाच्या पाठीशी संस्थानिक होते, आणि त्यांच्या नावास कोणी विसरले नाही. बिराजदारांस शिष्यांनी जिवंत ठेविले. आंदळकर-माने ह्यांस गदेने ठेविले. खाशाबांपाशी राजाश्रय क्षणाचा, गदा नाही, पदक गावातल्या घरात. कीर्तिमंदिर बांधावयाचेच, तर पहिले आसन ज्याचे येणे आहे त्यास आधी द्यावे. ज्यांचे देणे फिटले आहे त्यांनी दोन पावले मागे बसण्यास हरकत नसावी. मारुती माने वा आंदळकर असते, तर त्यांनी स्वतःच जागा करून दिली असती, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुतण्यास हे सारे सांगितले. बिराजदारांस दुसरे आसन द्यावे, अशी तोंडी शिफारसही जोडली. प्रांताभिमान तेवढा तरी खपवून घ्यावा. त्याने कागदावर खाशाबांचे नाव वर लिहिले, क्षणभर पेन्सिल थांबविली आणि विचारले, “काका, खरेच सत्तावन्नच किलो?”

मी म्हटले, “सत्तावन्नच. अरे, तुझ्याहून चार किलो कमी.”

तो काही बोलला नाही. सायंकाळी व्यायामशाळेची वेळ विचारीत होता, असे त्याच्या आईकडून कळले.