ट्युरिंगच्या शेजारी बसून

मँचेस्टरच्या सॅकव्हिल गार्डन्समध्ये एका बाकावर अ‍ॅलन ट्युरिंगचा ब्राँझचा पुतळा आहे. हातात सफरचंद. ऊन असलं, की मी डबा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसतो. इंजिनिअरिंगला 'ट्युरिंग मशिन' माझ्यासाठी फक्त परीक्षेत हमखास येणारा प्रश्न होता.

गेल्या महिन्यात मात्र तो नव्याने भेटला. आमचा रात्री चालणारा एक जॉब सकाळपर्यंत संपलाच नाही. एआयने लिहिलेल्या कोडमध्ये एका लूपला बाहेर पडायची वाटच नव्हती. "एआयची चूक," असं मी मीटिंगमध्ये सांगून मोकळा झालो. पण तो कोड तपासून 'अप्रूव्ह' मीच केला होता! बारा वर्षांच्या अनुभवानंतर साधा लूप नजरेतून सुटावा? ते मनाला फार लागलं.

कुठलाही प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की फिरतच राहील, हे दर वेळी अचूक सांगणारी एकच पद्धत असू शकत नाही, हे ट्युरिंगच्या १९३६च्या कामातून निघतं. (माझा लूप काही इतका गहन नव्हता म्हणा.) त्याआधी, १९३१ मध्ये कुर्ट गोडेलने तर्काच्या नियमांनाही मर्यादा असतात हे दाखवलं होतं. मग यंत्राला मर्यादा आहे म्हणजे माणसाचं मन त्याहून श्रेष्ठ, असं म्हणायचा मोह होतोच. १९५०च्या आपल्या प्रसिद्ध लेखात ट्युरिंगने हा आक्षेप स्वतःच मांडला आणि विचारलं, की माणसाला तशी मर्यादा नाही हे कुणी सिद्ध केलंय? आपणही कितीदा चुकीची उत्तरं देतो! त्याआधी १९४७च्या लंडनमधल्या व्याख्यानात तर तो म्हणाला होता, की यंत्र कधीच चुकू नये अशी अपेक्षा असेल, तर ते बुद्धिमानही असू शकणार नाही.

हे वाचून मला जरा बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. यंत्राला तो जेवढी सूट देत होता, तेवढीही मी दिली नव्हती.

त्याच १९५०च्या लेखात आणखी एक कल्पना आहे. मोठ्या माणसाचं मन बनवण्यापेक्षा लहान मुलासारखं यंत्र बनवा आणि त्याला शिकवा. आमच्या घरी चार वर्षांची मुलगी आहे. परवा धावत येऊन म्हणाली, "बाबा, आजी फोन केली!" हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आजी आली, आजी गेली, तशी आजी फोन केली. चूक, पण किती तर्कशुद्ध!

मी म्हटलं, "बाळा, 'आजीने फोन केला' म्हणायचं."

ती क्षणभर थांबली. "मग 'आजीने आली' का नाही?"

जन्मभर मराठी बोलतोय, पण नियम काही चटकन सांगता येईना. शेवटी मी म्हटलं, "थांब, आजीलाच फोन लावू."