एका स्वल्पविरामाची किंमत

इंग्रजी पत्रात ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ जोडले, तर वाचणारा फार तर हसतो. अर्थ बिघडत नाही. विरामचिन्हांचे तसे नाही. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्याने नाशवंत मालाच्या ज्या कामांना जादा वेळेचा वाढीव मोबदला नाकारला, त्यांच्या यादीअखेर ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते. ‘ऑर’आधी स्वल्पविराम नव्हता. म्हणजे वगळले ते केवळ पॅकिंग, असे ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांचे म्हणणे. ते माल पोचवीत, बांधीत नसत. २०१७ साली अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून त्यांचा पक्ष उचलून धरला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली. आपल्याकडे इंग्रजी करारांचे मसुदे तपासताना तांबडी पेन्सिल अद्याप ‘अ’ आणि ‘द’ यांवरच फिरते!