सरकारने पुसल्या, लोकांनी जपल्या: अल्स्टरच्या नऊ काउंट्या

आज सुरुवात एका कोड्याने. आयर्लंड बेटाचं सगळ्यात उत्तरेचं टोक कुठे येतं? तुम्ही म्हणाल, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, अजून कुठे! तर नाही. ते टोक म्हणजे मॅलिन हेड. ते आहे डोनेगॉल काउंटीत, आणि डोनेगॉल येते रिपब्लिक ऑफ आयर्लंडमध्ये, ज्याला तिथे बोलताना सरळ ‘साउथ’ म्हणतात. म्हणजे दक्षिण ही उत्तरेच्याही उत्तरेला! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नकाशा उघडून दोनदा बघितला.

हा गोंधळ समजायचा तर आधी ‘काउंटी’ म्हणजे काय ते बघू. आयर्लंडचे चार जुने प्रांत: अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर आणि कॉनॅक्ट. आपला विषय अल्स्टर. त्यात नऊ काउंट्या: अँट्रिम, डाउन, आर्मा, टिरोन, फर्मॅना, लंडनडेरी, डोनेगॉल, कॅव्हन आणि मॉनहन. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. यातल्या बहुतेकींच्या हद्दी सोळाव्या शतकाच्या शेवटी आणि सतराव्याच्या सुरुवातीला इंग्रजी राजवटीने आखल्या. गेलिक सरदारांचा मुलूख ताब्यात आणायचा, कर आणि न्यायालयं बसवायची, त्यासाठीची ही आखणी.

लंडनडेरीचं नावच बघा ना. आधीची कोलरेन काउंटी वाढवून १६१३ मध्ये ही नवी काउंटी केली. लंडनच्या व्यापारी संघांनी तिथे वसाहतीसाठी पैसा घातला, म्हणून ‘डेरी’च्या मागे ‘लंडन’ लागलं. आजही कोणी ‘डेरी’ म्हणतं, कोणी ‘लंडनडेरी’, आणि त्या एका शब्दावरून समोरचा तुमचं राजकारण ओळखू बघतो.

आता मोठा घाव. १९२० च्या कायद्याने आयर्लंडची फाळणी ठरली आणि १९२१ मध्ये ती अमलात आली. पण रेषा कुठे मारायची? नव्या सीमा आखत बसण्याऐवजी काउंट्यांच्या जुन्या हद्दीच वापरल्या. नऊच्या नऊ काउंट्या घेतल्या असत्या तर ब्रिटनशी जोडून राहू इच्छिणाऱ्या प्रोटेस्टंटांचं बहुमत निसटतं राहिलं असतं. सहा घेतल्या तर ते दोन तृतीयांशाच्या घरात जात होतं. म्हणून सहा तिकडे, तीन इकडे. डोनेगॉल, कॅव्हन आणि मॉनहनमधल्या युनियनिस्टांना वाटलं, आपल्याच माणसांनी आपल्याला सोडलं. दुसरीकडे टिरोन आणि फर्मॅनामध्ये कॅथलिक जास्त असूनही त्या नॉर्दर्न आयर्लंडमध्ये गेल्या. करवसुलीसाठी आखलेली रेषा तीनशे वर्षांनी देशाची सीमा झाली.

आणि गंमत पुढे आहे. ज्या सहा काउंट्यांवर हे राज्य उभं राहिलं, त्यांच्या कौन्सिलच १९७३ मध्ये बरखास्त झाल्या. त्यांच्या जागी २६ डिस्ट्रिक्ट आले. २०१५ मध्ये त्यांचे ११ केले. या डिस्ट्रिक्टना काउंटीच्या हद्दीचं बंधन नाही. ‘डेरी सिटी अँड स्ट्रॅबेन’ घ्या: नाव एकत्र, पण स्ट्रॅबेन गाव टिरोनमधलं. पत्त्यातही काउंटी लिहायची सक्ती नाही, ‘बीटी’ने सुरू होणारा पोस्टकोड पुरतो.

मग काउंट्या संपल्या का? छे! बघा त्या आज कुठे कुठे जिवंत आहेत.

पहिलं, खेळ. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग चालवणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन १८८४ ची, म्हणजे फाळणीच्याही आधीची. तिने सीमा मानलीच नाही. अल्स्टर चॅम्पियनशिपमध्ये आजही नऊही काउंट्या आहेत, आणि फायनल बऱ्याचदा सीमेपलीकडे मॉनहनमधल्या क्लोनिस गावात होते. १९६० मध्ये डाउनने ऑल-आयर्लंड फुटबॉलचा किताब नॉर्दर्न आयर्लंडमध्ये पहिल्यांदा नेला. २०२४ मध्ये आर्माने तो जिंकला. कौन्सिल नसलेल्या काउंटीसाठी अख्खं गाव नारिंगी कपडे घालून डब्लिनला जातं!

दुसरं, गाड्या. नॉर्दर्न आयर्लंडच्या नंबरप्लेटवर ‘आय’ किंवा ‘झेड’ असतो, आणि त्या अक्षरांच्या जोड्या मुळात काउंटीनुसार वाटलेल्या. रिपब्लिकमध्ये तर १९८७ पासून प्लेटवर थेट काउंटीचा कोड असतो: डोनेगॉलला ‘डीएल’, कॅव्हनला ‘सीएन’, मॉनहनला ‘एमएन’.

तिसरं, कागदपत्रं. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये जमिनीच्या नोंदी अजून काउंटीनिहाय आहेत. राजाचा प्रतिनिधी, म्हणजे लॉर्ड लेफ्टनंट, काउंटीगणिक नेमला जातो. बेलफास्ट आणि लंडनडेरी या दोन शहरांना वेगळा.

चौथं, पूर्वजांचा शोध. १९०१ आणि १९११ ची आयरिश जनगणना ऑनलाइन फुकट बघता येते. आधी काउंटी निवडायची, मग तिथून खाली उतरत ‘टाउनलँड’पर्यंत, म्हणजे शिवारापर्यंत जायचं. अमेरिकेतल्या आयरिश वंशाच्या माणसाला पणजोबांची काउंटी माहीत नसेल, तर शोध तिथेच अडखळतो.

हे ऐकून मला आपला खानदेश आठवतो. खानदेश जिल्हा १९०६ मध्येच पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला. आज त्या नावाचा जिल्हाच नाही. पण जळगाव, धुळे, नंदुरबारचा माणूस ‘आम्ही खानदेशी’ म्हणतोच ना? फरक एवढाच की खानदेशी असण्यावरून कुणाचा देश बदलला नाही. अल्स्टरमध्ये बदलला.

म्हणून पुढच्या वेळी बातमीत नॉर्दर्न आयर्लंडसाठी कुणी ‘अल्स्टर’ म्हणालं, तर कान टवकारा. तो सहा काउंट्या मोजतोय की नऊ? त्या तीन काउंट्यांच्या फरकात शंभर वर्षांचं भांडण आहे.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!