मेंदूचें चित्र आणि मनाचा लगाम

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. वणीकडील आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्याचें एम्. आर्. आय्. चित्र घेऊन आमच्याकडे आला. मुलगी हुशार, पण क्षुल्लक बोलण्यावरून ताट भिरकावावें, आजच्या जिवलग मैत्रिणीशीं उद्यां वैर धरावें, मध्यरात्रीं घराबाहेर पडावें, आणि अगदींच अनावर झालें म्हणजे स्वतःलाच इजा करून घ्यावी, असा तिचा क्रम. मनोविकारतज्ज्ञांनीं 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' म्हणजे सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार असें निदान केलें होतें. घरांत तें कोणासच पटेना. म्हणून नागपुरास जाऊन, पदरचे पैसे मोडून, यानें चित्र काढून आणलें.

"गुरुजी, फोटो स्वच्छ आला. डोक्यांत कांहीं नाहीं. म्हणजे हें सारें नाटकच कीं नाहीं?"

आम्हीं मान डोलावली. इतकेंच नव्हे, तर लाड कमी करण्याचा उपदेशहि केला. पस्तीस वर्षें मुलांत घालवून आम्हीं असा उपदेश करावा, ह्याची आज लाज वाटते. म्हणूनच हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

साध्या एम्. आर्. आय्. चित्रांत मेंदूची रचना दिसते. गांठ, सूज, रक्तस्राव असल्यास तो कळतो. परंतु घराचा नकाशा पाहून त्या घरांत भांडण केव्हां पेटतें हें समजत नाहीं, तसेंच हें आहे. चित्र स्वच्छ आलें याचा अर्थ गांठ नाहीं, एवढाच. दुःख खोटें आहे असा नव्हे.

मेंदूचें चालू काम पाहण्याची रीत निराळी, तिला फंक्शनल एम्. आर्. आय्. म्हणतात. रक्तांतील प्राणवायूच्या प्रमाणानुसार त्याचा चुंबकीय गुण बदलतो, व त्यावरून मेंदूचा कोणता भाग अधिक राबत आहे याचा अंदाज बांधतां येतो, हें जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनीं अमेरिकेंत असतांना 1990 सालीं दाखविलें. ह्याच साधनानें 2007 सालीं न्यूयॉर्क येथील डेव्हिड सिल्बर्सवाइग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या विकाराचे 16 रुग्ण व 14 निरोगी माणसें तपासलीं. प्रयोग पोरखेळासारखा वाटेल: पडद्यावर शब्द येतो, सरळ अक्षरांत असला तर वाचतांच बटन दाबावयाचें, तिरप्या अक्षरांत असला तर हात आवरावयाचा. शब्द कधीं साधा, कधीं सुखद, कधीं मनास बोंचणारा. बोंचणारा शब्द आणि हात आवरणें हीं दोन्हीं एकत्र आलीं, त्या वेळीं रुग्णांच्या कपाळामागील, आवर घालणाऱ्या भागाचें काम उणें पडलेलें दिसलें. उलट भीति-क्रोधादि भावनांशीं निगडित असा अमिग्डाला नांवाचा भाग अधिक खवळलेला दिसला.

कठोपनिषदांतील रथाचें रूपक आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. इंद्रियें घोडे, मन लगाम, बुद्धि सारथि. आम्ही शिक्षक लोक रथ भरकटला कीं सारथ्यास झोडपीत आलों. लगामच ऐन उतारावर हातांतून निसटत असेल, हा विचार आम्हांस शिवला नाहीं. (रूपक प्रयोगावर फार ताणूं नये, हेंहि खरें.)

पण ह्या शोधाचाहि अतिरेक नको. तीस माणसांच्या सरासरीवरून एका मुलीचें निदान होत नाहीं. अशा चित्रावरून हा विकार ओळखण्याची कसोटी आजहि रुग्णालयांत नाहीं. निदान होतें तें तज्ज्ञानें शांतपणें ऐकून घेतलेल्या हकीकतीवरूनच. मेंदूचें हें वर्तन विकाराचें कारण कीं परिणाम, हेंहि चित्र सांगत नाहीं. तेव्हां पुन्हा नागपूर गांठून महागडें चित्र काढविण्यांत अर्थ नाहीं.

अर्थ आहे तो उपचारांत. अमेरिकेंतील मार्शा लिनेहान ह्या विदुषींनीं डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी ही पद्धति रचली व तिच्या उपयोगाची पहिली कसोशीची चांचणी 1991 सालीं प्रसिद्ध केली. आवेगाची लाट आली असतां ती ओसरेपर्यंत तग कसा धरावा, हें तींत पायरीपायरीनें शिकवितात. तरुणपणीं आपणहि अशाच यातनांनीं रुग्णालयांत होतों, हें बाईंनीं 2011 सालीं उघड सांगितलें. वर्षानुवर्षें रुग्णांचा मागोवा घेतलेल्या पाहण्यांतूनहि पुष्कळांची प्रकृति कालांतरानें सुधारते असें आढळलें आहे.

एकत्र कुटुंबांत एक अडचण विशेष. मुलगी खवळली कीं आजी, काकू, आत्या, सारींच एकदम बोलूं लागतात. वरील प्रयोगांत एकेक बोंचरा शब्द येत होता. येथें दहा तोंडांतून येतात! त्या घटकेस एकानेंच, हळू आवाजांत बोलावें, आणि बरेंवाईट ठरविण्याची चर्चा दुसऱ्या दिवसावर टाकावी, असें तज्ज्ञांनीं त्या घरास सांगितलें. जिवास अपाय करून घेण्याची भाषा निघाली तर मात्र तें नाटक समजूं नये; तिला एकटें न सोडतां तत्काळ रुग्णालय गांठावें. 2022 सालापासून सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनिसेवाहि 14416 ह्या क्रमांकावर आहे.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं पुढें बोलावून घेतलें आणि आपली चूक कबूल केली. तो बराच वेळ बोलला नाहीं. आतां बापलेक दर पंधरवड्यास उपचारासाठीं जातात. राग अद्याप येतो. गेल्या पोळ्याच्या दिवशींहि ताट उडालें. पण त्या रात्रीं ती घराबाहेर गेली नाहीं, माजघरांत आजीजवळ बसून राहिली, आणि तिला कोणी कांहीं विचारलें नाहीं.