मांजरेच्या गाळातली दाढ

माळेगावच्या जत्रेत लाल कंधारी बैल घ्यायला आलेला माणूस आधी त्याचे ओठ बाजूला करतो. दोन दाती, चार दाती की जुळला, हे बघितल्याशिवाय किमतीची भाषा नाही. पुढच्या दातांवरून वय कळतं. मागची दाढ मात्र जनावरानं काय खाल्लं तेही सांगते, आणि जनावर मरून हजारो वर्षं लोटली तरी सांगते.

मांजरा नदीच्या काठच्या गाळात हत्ती, रानबैल आणि चक्क पाणघोड्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. डेक्कन कॉलेजच्या जी. एल. बदाम, विजय साठे यांनी ते अभ्यासले. लातूर जिल्ह्यातलं हारवाडी त्यातलंच एक ठिकाण. अशा दाढेचं एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, ही जनावराची खाण्याची वही. ज्वारी, ऊस आणि उष्ण प्रदेशातलं गवत यांच्यात जड कार्बन-13 जास्त असतो. तूर, हरभरा आणि झाडपाल्यात कमी. प्रमाणित नमुन्याशी तुलना करून दर हजारी मोजलं, तर निव्वळ अशा गवतावर पोसलेल्या जनावराच्या एनॅमलचा कार्बन-13 चा आकडा शून्याच्या आसपास येतो, पाला खाणाऱ्याचा उणे बाराच्या घरात.

दाढ आधी वरून खरवडून साफ करतात. मग दंतवैद्याच्या बारीक ड्रिलनं टोकापासून मुळाकडे ओळीनं काही मिलिग्रॅम भुकटी काढतात. टोक आधी तयार होतं, म्हणून ही ओळ वाढीच्या क्रमानं लागते. आपल्या काळ्या मातीत चुनखडी किती, हे विहीर खणणाऱ्याला विचारा! पाण्यातून दातात शिरलेला तो चुना सौम्य ॲसेटिक ॲसिडनं धुऊन टाकावा लागतो, नाहीतर आकडा दाताऐवजी मातीचा निघतो. उरलेल्या भुकटीवर फॉस्फोरिक ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड निघतो. वस्तुमान वर्णपटमापी हे यंत्र त्यातले 44, 45 आणि 46 वजनाचे रेणू वेगळे करतो. कार्बनबरोबर ऑक्सिजनही त्याच फेरीत मोजला जातो; त्याचा आकडा प्यायलेल्या पाण्याप्रमाणे बदलतो, म्हणून बैलाच्या उंच दाढेत पावसाळा नि उन्हाळा एकाखाली एक उमटलेले दिसू शकतात.

यावर 1982 मध्ये मोठी शंका आली: जीवाश्म हाडांतल्या खनिजावरून आहार ठरवता येत नाही. तेव्हा केपटाउनमध्ये असलेल्या ज्युलिया ली-थॉर्प यांनी निकोलास व्हॅन डर मर्व यांच्यासह साधी, सुंदर परीक्षा घेतली. गवत खाणारे कोण नि पाला खाणारे कोण हे ठाऊक असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म त्यांनी तपासले. एनॅमलमध्ये दोघांतला फरक टिकून होता. या विषयाच्या कौतुकात यंत्राचं नाव आधी येतं. माझ्या मते ली-थॉर्प यांचं यायला हवं.

ठाऊक असलेल्या प्राण्यांशी ताडून बघायचं, ही त्यांची शिस्त. म्हणूनच एका दाढेवरून प्राचीन हवामानाचा निकाल लावणाऱ्या बातम्या मला खटकतात. दिवसभर पाण्यात डुंबणाऱ्या पाणघोड्याचा ऑक्सिजनचा आकडा त्याच काठावर चरणाऱ्या बैलाशी जुळत नाही. दोघांच्या दाढा शेजारी ठेवूनच वाचायला हव्यात. आणि दाढ वाळूच्या ढिगाऱ्यातून हाती आली, कोणत्या थरातली ते कुणी नोंदलंच नाही, तर जनावर काय खात होतं ते कळेल, पण ती मांजरा कोणत्या काळातली, ते ही भुकटी सांगणार नाही.