गावाची अब्रू आणि गावाचा अपराध
होसा वंटमुरी प्रकरणात उच्च न्यायालयाने मांडलेली सामूहिक दंडाची कल्पना : तिचा इतिहास, तिच्या मर्यादा आणि तिच्यामागचा खरा प्रश्न

बेळगावहून पुणे-बेंगळूरू महामार्गाने निपाणीकडे जाताना वंटमुरीचा घाट लागतो. याच परिसरातील होसा वंटमुरी या गावात ११ डिसेंबर २०२३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर एका ४२ वर्षांच्या महिलेला घरातून ओढून बाहेर काढण्यात आले. तिला विवस्त्र करून गावातून फिरवले गेले आणि विजेच्या खांबाला बांधून मारहाण करण्यात आली. तिचा स्वतःचा अपराध काहीच नव्हता. तिचा मुलगा गावातील एका तरुणीसह निघून गेला होता आणि त्या तरुणीचा साखरपुडा दुसऱ्या मुलाशी ठरला होता. मुलगा हाती लागला नाही, म्हणून त्याच्या आईला धरण्यात आले.

त्याच दिवसांत बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. साहजिकच प्रकरण सभागृहात गाजले. सत्ताधारी काँग्रेस आणि विरोधी भारतीय जनता पक्ष यांच्यात आरोप-प्रत्यारोप झाले, गृहमंत्र्यांनी पीडितेची भेट घेतली, भाजपने महिला खासदारांचे सत्यशोधन पथक पाठवले. काकती पोलीस ठाण्याच्या निरीक्षकाला निलंबित करण्यात आले आणि तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. पीडितेला ५ लाख रुपये आणि २ एकर ३ गुंठे जमीन देण्याचा निर्णय सरकारने घेतला. भेटीस येणाऱ्यांची रीघ अखेर इतकी वाढली की, वैद्यकीय परवानगीशिवाय कोणीही पीडितेला भेटू नये, असा आदेश उच्च न्यायालयाला काढावा लागला.

राजकारणाचा हा धुरळा यथावकाश खाली बसला. मात्र न्यायालयात उपस्थित झालेला एक प्रश्न अजून जागच्या जागी आहे. सीमाभागातील, महाराष्ट्रातील आणि गोव्यातील प्रत्येक गावाने तो स्वतःला विचारावा, इतका तो मोलाचा आहे.

न्यायालयाने काय म्हटले?

वृत्तपत्रांतील बातम्यांची दखल घेऊन कर्नाटक उच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. खंडपीठावर मुख्य न्यायाधीश प्रसन्न वराळे आणि न्यायमूर्ती कृष्ण दीक्षित होते. न्या. वराळे यांचा जन्म निपाणीचा. त्यांचे आजोबा बळवंतराव वराळे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निकटचे सहकारी होते. जानेवारी २०२४ मध्ये न्या. वराळे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. ज्या मातीत ही घटना घडली, त्या मातीची ओळख असलेला न्यायाधीश पीठावर होता.

सुनावणीत द्रौपदीचा उल्लेख झाला. तिच्या हाकेला कृष्ण तरी धावून आला होता, या स्त्रीसाठी कोणी आले नाही, अशा आशयाची खंत मुख्य न्यायाधीशांनी व्यक्त केली. केवळ मुलींना शिकवून भागणार नाही, मुलांना शिकवावे लागेल, असेही त्यांनी सांगितले. १८ डिसेंबरच्या सुनावणीत त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. पन्नास-साठ माणसे उभी असताना एकच माणूस त्या महिलेला वाचवायला पुढे झाला आणि त्यालाही मार खावा लागला. बाकीच्यांनी नुसते पाहिले. अशा वेळी संपूर्ण गावाकडून दंड वसूल करावा, जसा लॉर्ड विल्यम बेंटिंकच्या काळात केला जाई, आणि ती रक्कम पीडितेला द्यावी, अशी सूचना न्यायालयाने केली.

ही सूचना ऐकून अनेकांना समाधान वाटले, अनेकांना धक्का बसला. ज्याने हात उचलला नाही त्याला शिक्षा कशी, हा आक्षेप स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी हे पाहावे लागते की, अशा दंडाची आपल्याकडे परंपरा कोणती आणि आजचा कायदा काय सांगतो.

गाव जबाबदार, ही जुनी कल्पना

मराठेशाहीत गाव ही केवळ वस्ती नव्हती, ती जबाबदारीचे एकक होती. गावचा बंदोबस्त पाटलाकडे आणि राखण जागल्याकडे असे. चोराचा माग गावाच्या शिवेत येऊन थांबला, तर तो पुढे काढून देणे किंवा गेलेला माल भरून देणे हे राखणदाराचे आणि प्रसंगी गावाचे काम ठरे. गोव्यातील गावकरी संस्थेतही गाव म्हणजे सामाईक जमीन, सामाईक देवस्थान आणि सामाईक कर्तव्य, असाच विचार होता. आपल्या पूर्वजांना ‘व्यक्ती’ कळत नव्हती असे नाही. गावाला हक्क असतील तर त्याला देणेही असते, इतके त्यांना नेमके कळत होते.

इंग्रजी राजवटीने हीच कल्पना उचलली आणि तिला दडपशाहीचे हत्यार केले. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम १५ नुसार अशांत भागात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांच्या माथी मारता येई. १८९७ मध्ये रँडच्या वधानंतर पुणेकरांनी हा अनुभव घेतला. १९४२ च्या चळवळीत तर सामूहिक दंडासाठी स्वतंत्र वटहुकूम निघाला. तेव्हाचा दंड स्त्रीच्या रक्षणासाठी नव्हता, देशभक्तांना आसरा देणाऱ्या गावांना जेरीस आणण्यासाठी होता. ज्या साधनाने अन्याय झाला त्याच साधनाने न्याय मिळवताना सावध असावे, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आजचा कायदा कुठे उभा आहे?

सामूहिक दंड स्वतंत्र भारतातही पूर्णपणे संपलेला नाही. नागरी हक्क संरक्षण कायद्यात (१९५५) नंतर घातलेल्या कलम १०-अ नुसार, अस्पृश्यतेच्या गुन्ह्यात एखाद्या भागातील रहिवासी सामील असतील, गुन्हेगाराला लपवत असतील किंवा त्याला पकडण्यास मदत नाकारत असतील, तर राज्य सरकार तिथे सामूहिक दंड लावू शकते. पीडितांना आणि निर्दोष रहिवाशांना त्यातून वगळण्याची मुभाही त्यात आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १६ ने हीच तरतूद त्या कायद्यातील गुन्ह्यांना लागू केली. या चौकटीबाहेर मात्र फौजदारी कायदा व्यक्तीकडेच बोट दाखवतो.

स्त्रीला विवस्त्र करण्याच्या हेतूने हल्ला करणाऱ्यास भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-ब खाली ३ ते ७ वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच शिक्षा कलम ७६ मध्ये आहे. बेकायदा जमावात समान उद्देशाने सामील झालेला प्रत्येक जण जमावाच्या गुन्ह्यास जबाबदार धरला जातो. पण केवळ कुतूहलाने किंवा भीतीने तिथे उभा असलेला बघ्या या व्याख्येत येत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

बघ्याने काही करायलाच हवे होते का? इथे कायद्यातली पोकळी उघडी पडते. दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा अधिकार कायदा प्रत्येकाला देतो, कर्तव्य म्हणून तो लादत नाही. फ्रान्स आणि जर्मनीत संकटातल्या माणसाला शक्य ती मदत न करणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे तसा सर्वसाधारण नियम नाही. काही गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणे मात्र प्रत्येक नागरिकाला बंधनकारक आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये होते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे. त्या यादीत खून आहे, दरोडा आहे, रात्रीची घरफोडीही आहे. भर गावात स्त्रीला विवस्त्र करण्याचा गुन्हा त्या यादीत नाही. शेजारच्या घरावर दरोडा पडताना दिसला तर कळवणे सक्तीचे, आणि शेजारणीची विटंबना होताना दिसली तर ऐच्छिक, असा हा हिशेब आहे.

दंडाने काय साधेल?

सामूहिक दंडाच्या बाजूने सर्वांत प्रबळ युक्तिवाद कायद्याचा नसून नीतीचा आहे. मुलगी पळून गेल्याने घराण्याची, भावकीची, गावाची अब्रू गेली, असे जे म्हणतात, ते अब्रू सामूहिक मानतात. मग त्या अब्रूच्या नावाने झालेले पाप एकट्यादुकट्याचे कसे ठरेल? मान घेताना गाव एक आणि दोष घेताना प्रत्येक जण वेगळा, ही सोयीची विभागणी परंपरेला मान्य नाही. संस्कृतीच्या नावाने हात उचलणाऱ्यांना संस्कृतीच्याच मापाने मोजायचे, तर न्यायालयाचे म्हणणे चुकीचे नाही.

तरीही कायद्याची वाट म्हणून हा दंड योग्य वाटत नाही, आणि त्याला तीन कारणे आहेत. पहिले, त्या रात्री झोपेत असलेला वृद्ध, कामासाठी परगावी गेलेला मजूर आणि समोर उभा राहून पाहणारा धट्टाकट्टा गडी यांना एकाच रांगेत बसवणे न्याय्य नाही. सूट कोणाला द्यायची हे महसूल कार्यालयाने ठरवायचे म्हटले, की गावातील वजनदार माणूस त्या यादीतून आधी बाहेर पडेल. दुसरे, पीडितेला त्याच गावात राहायचे आहे. घराघरातून तिच्या नावाने पैसे वसूल झाले, तर तिच्याकडे पाहणाऱ्या नजरा निवळणार नाहीत, आणखी कडवट होतील. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. मौनाची किंमत एकदा ठरली, की ती भरून मोकळे होता येते. ज्या गोष्टीची आयुष्यभर लाज वाटायला हवी, तिची पावती हातात पडते.

परंपरेचा दुसरा दाखला

परंपरेतच याहून नेमका मार्ग सापडतो. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली आणि पाटीलकी काढून घेतली. १६४६ च्या सुमाराचे ते पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. आजच्या काळात ती शिक्षा कोणी मागणार नाही. लक्षात घ्यायचे ते तिच्यामागचे तत्त्व. महाराजांनी गावाला दंड केला नाही. ज्याच्याकडे गावाच्या रक्षणाचे पद होते, त्यालाच त्यांनी धरले.

आज ते पद कोणाकडे आहे? महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील टिकून राहिला. त्याच्या अधिकारांविषयी कितीही तक्रारी असोत, मध्यरात्री दार ठोठवायला गावात एक दार तरी आहे. कर्नाटकात वंशपरंपरागत ग्रामाधिकार १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. वतनदारी गेली हे उत्तमच झाले, पण तिच्यासोबत गावातला रक्षणाचा भारही उचलला गेला आणि तो दूरच्या ठाण्यावर पडला. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे भाषा, नातीगोती, जत्रा सारख्याच आहेत. गावात शांततेची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर मात्र नाका ओलांडताच बदलते.

सरकारची ताकद कमी आहे, असेही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रातील नेत्यांना बेळगावात येण्यापासून रोखण्यासाठी याच कोगनोळी नाक्यावर मोठा फौजफाटा उभा होता. दर १ नोव्हेंबरला सीमाभागात चोख बंदोबस्त असतो. राज्याची प्रतिष्ठा जपायला जी तत्परता दिसते, ती एका गरीब बाईच्या प्रतिष्ठेसाठी वेळेत दिसली नाही. न्यायालयाने गावाला प्रश्न विचारला, त्याच दमात हा प्रश्न शासनालाही लागू होतो.

करण्यासारखे काय?

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी प्रकरणात आंतरजातीय किंवा स्वेच्छेच्या विवाहांमुळे संकटात येणाऱ्यांच्या संरक्षणासाठी प्रतिबंधक उपाय सांगितले. संभाव्य धोक्याची माहिती आधीच घेणे, पोलिसांनी वेळीच हालचाल करणे, हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करणे हे त्यात आले. तरुण-तरुणी निघून गेल्यावर सूड पहिल्यांदा मागे राहिलेल्या आईवडिलांवर उगवला जातो. संरक्षणाची पहिली गरजही त्यांच्याच घराला असते. असे प्रकरण कानावर येताच मुलाच्या घराबाहेर एक शिपाई उभा करणे हा कोणत्याही भरपाईपेक्षा स्वस्त उपाय आहे.

दुसरा उपाय विधिमंडळाच्या आणि संसदेच्या हातातला आहे. गुन्हा कळवण्याच्या सक्तीच्या यादीत स्त्रीच्या विटंबनेचा समावेश व्हावा. कोणी छातीवर दगड झेलावेत, अशी अपेक्षा कायद्याने करू नये. ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करण्याची अपेक्षा मात्र नक्कीच करावी. तेवढेही न करणारा बघ्या मग नावानिशी जबाबदार ठरेल, आणि झोपलेल्या म्हाताऱ्याला त्याच्यासाठी भुर्दंड भरावा लागणार नाही.

तिसरा उपाय त्या एका माणसासाठी आहे, जो पुढे झाला आणि ज्याने मार खाल्ला. न्यायालयाने त्याच्या धैर्याची दखल घेतली. पण खटला वर्षानुवर्षे चालतो आणि साक्ष त्याच गावात राहून द्यावी लागते. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मान्यता दिली, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने अशी योजना करणे राज्यांना बंधनकारक केले. ती योजना गावपातळीवर किती पोहोचते, यावर पुढच्या वेळी किती माणसे पुढे येतील हे ठरेल. पन्नासांना दंड करण्याआधी त्या एकाला एकटे न पाडणे हे शासनाचे काम आहे, आणि गावाचेही.